रस्त्याच्या कामावर 'स्मार्ट' यंत्रणा: आधी काय घ्यावं, कुठे लावावं, काय सोडून द्यावं

नागपुरातल्या एका उड्डाणपुलाच्या कामावर असलेल्या साईट इंजिनिअरचा प्रश्न आहे. कामाचा एक तुकडा शहरातल्या गर्दीच्या रस्त्यावर येतो, दुसरा महामार्गाला जाऊन मिळतो. या वेळी टेंडरमध्ये वाहतूक सुरक्षेसाठी 'स्मार्ट यंत्रणा' म्हणून वेगळी रक्कम ठेवलेली आहे. विक्रेते येऊन कोणी एआय कॅमेरे दाखवतात, कोणी मजुरांच्या मनगटाला बांधायचे बँड, कोणी ड्रोन. यातलं जीव वाचवणारं काय आहे, आणि आपल्याकडची वाहतूक, ऊन, पाऊस यांत टिकणारं काय आहे?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. महामार्गाच्या बाजूला पैसा पहिल्यांदा थांबलेल्या रांगेच्या शेपटीवर खर्च करा, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला 'पुढे वाहनं उभी आहेत' हे वेळेत कळेल. शहरातल्या तुकड्यात तो तुमच्याच हायवा (माल ओतणारे मोठे ट्रक), मिक्सर आणि लोडरच्या आंधळ्या कोपऱ्यांवर खर्च करा. त्यानंतर पडलेलं किंवा सरकवलेलं बॅरिकेड रात्री कोणाला तरी कळवणारी साधी यंत्रणा घ्या. बाकी सगळं यानंतर. आणि प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: तुमचं यंत्र वाजलं, तर ते नेमकं कोणाला ऐकू जाईल आणि त्या क्षणी त्याच्या हातात किती सेकंद असतील? ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर सेकंदांत नाही, त्याचं यंत्र फार तर अपघाताचं चित्रीकरण करेल.

यंत्र घेण्याआधी आराखडा तपासा. इंडियन रोड्स काँग्रेसचं (आयआरसी) एसपी ५५ हे कामाच्या जागेवरच्या वाहतुकीचं मार्गदर्शक पुस्तक (२०१४ ची आवृत्ती) तुमच्या करारात असेलच. त्यात कामाच्या जागेचे चार भाग केलेले आहेत: आगाऊ इशाऱ्याचा पट्टा, लेन हळूहळू अरुंद करणारा टेपर, प्रत्यक्ष कामाची जागा आणि शेवटी वाहतूक पूर्ववत करणारा पट्टा. साईटवर सर्वांत जास्त काटछाट टेपरवर होते. अमेरिकेत वापरलं जाणारं सूत्र घेतलं, तर ताशी ८० किलोमीटर वेगाच्या रस्त्यावर साडेतीन मीटरची लेन बंद करायला सुमारे १७५ मीटरचा टेपर लागतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा पाच-सहा कोनांमध्ये (रस्त्यावर ठेवायच्या प्लास्टिकच्या शंकूंमध्ये) उरकलेला दिसतो. एवढ्या तोकड्या टेपरपुढे लाखोंचा डिजिटल बोर्ड उभा केला तरी ट्रकला वळायला जागा मिळत नाही. रेडियमचे फलक, भरपूर कोन, भरलेले बॅरियर आणि रात्री डोळ्यांवर न येणारा प्रकाश हे आधी पूर्ण करा. हे अर्धवट असताना सेन्सरवर पैसा घालू नका, असं मी प्रत्येक ठेकेदाराला सांगतो आणि तुम्हालाही सांगतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की असू द्या. आपण 'साईट सेफ्टी' म्हटलं की डोळ्यांसमोर मजूर येतो. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या, तर रस्त्याच्या कामाच्या पट्ट्यात मरणाऱ्यांत पाचपैकी चारांहून अधिक जण वाहनातले चालक आणि प्रवासी असतात. आपल्याकडे त्या जागी रात्री घरी जाणारा दुचाकीस्वार आहे. तुमची यंत्रणा त्याच्यासाठीही आहे.

आता रांगेच्या शेपटीबद्दल. तुमचं काम महामार्गाला मिळतं तिथे गाड्या ८० ते १०० च्या वेगानं येतात. आयआरसीच्या हिशेबानं ८० च्या वेगात थांबायला १२० मीटर आणि १०० च्या वेगात १८० मीटर लागतात, आणि तेही चालक जागा आणि ब्रेक चांगले असताना. लेन बंद केली की रांग लागते. पण रांगेची शेपटी एका जागी राहत नाही. दुपारी ती टेपरपाशीच असते. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीची पाळी सुटली की तीच शेपटी किलोमीटर-दीड किलोमीटर मागे सरकते आणि तुमचा 'पुढे काम सुरू आहे' हा स्थिर फलक रांगेच्या मधोमध येतो. ज्याला इशाऱ्याची गरज आहे तो ट्रक त्या फलकाच्याही मागे असतो. नागपूरवरून श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि हाजिरा-पारादीप हा ५३ जातो. रात्री इथून जाणारा चालक शेकडो किलोमीटर चालवून आलेला असू शकतो आणि त्याला तुमचं काम माहीतच नसतं.

म्हणून टेपरच्या मागे साधारण ५०० मीटरला एक याप्रमाणे खांबावर किंवा छोट्या ट्रेलरवर रडार सेन्सर लावायचे. ते वाहनांचा वेग मोजतात. एखाद्या सेन्सरखाली वेग ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की त्याच्या मागचा बदलता संदेशफलक आपोआप बदलतो: आधी 'वाहतूक संथ', मग 'पुढे वाहने उभी'. टेक्सासमध्ये आय-३५ महामार्गाच्या रुंदीकरणात हीच पद्धत रात्रीच्या लेनबंदीसाठी, रस्त्यावर पसरायच्या सुट्या रंबल पट्ट्यांच्या (वरून गेल्यावर गाडी खडखडवणाऱ्या पट्ट्यांच्या) जोडीनं वापरली गेली. तिथल्या अभ्यासात मागून धडकण्याचे अपघात लक्षणीय कमी झाल्याचं आढळलं. मला ही पद्धत आवडते, कारण ती चालकाला त्याच्याकडे नसलेली एकच माहिती योग्य वेळी देते.

पण आपल्याकडे ती जशीच्या तशी चालत नाही. इथे ट्रक पूर्ण थांबलेले असतानाही दुचाकी कडेच्या पट्टीवरून २०-२५ च्या वेगानं पुढे सरकत राहतात. सरासरी वेग घेणारं रडार त्यांच्याकडे पाहून 'वाहतूक चालू आहे' असं समजतं आणि फलक बदलत नाही. विक्रेत्याकडून लेखी घ्या की यंत्र वाहनाची लांबी ओळखतं, किंवा निदान सेन्सरखाली वाहन किती वेळ उभं आहे ते मोजतं. मर्यादा अवजड वाहनांच्या वेगावर ठरवा. पहिल्या आठवड्यात एका माणसाला गाडीत बसवून खरी शेपटी कुठे आहे आणि फलक काय दाखवतो याची नोंद करायला लावा. ही तपासणी केल्याशिवाय ती यंत्रणा ताब्यात घेऊ नका.

संदेशाबद्दलही आग्रह धरा. १५० मीटरवरून वाचता येणारा फलक ८० च्या वेगात जेमतेम पावणेसात सेकंद समोर राहतो. त्यात समोरचा ट्रक अर्धा वेळ आडवा येतो. त्यामुळे दोन ओळी, मोजके शब्द आणि चित्र. मराठी हवंच, पण पंजाब किंवा तमिळनाडूहून आलेल्या चालकाला चित्रच वाचवतं: एकामागे एक उभ्या गाड्यांचं चिन्ह आणि खाली अंतर. 'सुरक्षित चला', 'घरी कोणीतरी वाट पाहतंय' अशी वाक्यं तिथे नकोत. शुभेच्छा आणि उद्घाटनाचे संदेश तर मुळीच नकोत. एकदा चालकाला त्या फलकावर बिनकामाचं वाचायची सवय लागली, की कामाचं असतानाही तो पाहणार नाही. फलक घेताना तो मे महिन्यात दुपारी दोनला उन्हात वाचून पाहा आणि रात्री त्याचा प्रकाश आपोआप मंद होतो का तेही पाहा. रात्री पूर्ण तेजात पेटलेला फलक पुढचा झेंडीवाला दिसूच देत नाही.

'तुमचा वेग ६४' असं दाखवणारे छोटे रडार फलकही चांगले. स्वस्त आहेत, हलवायला सोपे आहेत, आणि वेग थोडा का होईना उतरतो. त्यांचा परिणाम थोड्याच अंतरापुरता टिकतो, म्हणून ते टेपरच्या तोंडाशी लावा. दंडाची बाब वेगळी आहे: तो अधिकार वाहतूक पोलिसांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६अ खाली इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद आहे, पण ठेकेदारानं लावलेल्या कॅमेऱ्यावरून चलन निघत नाही. तसं कोणी विकत असेल तर घेऊ नका.

घुसखोरीचा अलार्म हा दुसरा लोकप्रिय माल. कोनांच्या ओळीतून वाहन आत घुसलं की सेन्सर हलतो, भोंगा वाजतो, मजूर पळतात. कागदावर उत्तम. आता सेकंद मोजा. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर येते. काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज सुरू असताना भोंगा ऐकणं, कुठल्या बाजूनं धोका आहे ते कळणं आणि बाजूला होणं, याला निरोगी माणसालाही चार सेकंद द्यायला हवेत. म्हणजे सेन्सर मजुरापासून निदान ९० मीटर मागे हवा आणि मधली जागा मोकळी हवी. महामार्गाच्या तुकड्यात एवढी जागा काढता येते, तिथे विचार करा. शहरात इंदोरा किंवा मेडिकल चौकाकडच्या गर्दीत बॅरिकेडपासून खड्डा चार-पाच मीटरवर असतो. तिथे भोंगा वाजेपर्यंत दुचाकी आत आलेली असते. शिवाय कुत्री, गाई आणि वळसा वाचवू पाहणारे पादचारी दिवसातून कितीतरी वेळा तो सेन्सर हलवतात. चौथ्या दिवशी कोणीतरी त्याची वायर काढून ठेवतो, आणि मला त्या माणसाला दोष देता येत नाही. शहरात त्याच पैशात जोडून बसवलेले काँक्रीटचे बॅरियर घ्या. प्लास्टिकचे पाण्याचे बॅरियर घेतले असतील तर त्यात पाणी भरलंय का, हे मुकादमानं रोज हात लावून पाहावं. रिकामं प्लास्टिक वाहन अडवत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या वाहनांकडे येतो. सर्वांत कमी बोललं जातं ते याबद्दल, म्हणून इथे थोडा थांबतो. बाहेरची गाडी आत येण्याची भीती सगळ्यांना असते. पण मजुराच्या जीवावर बेततं ते पुष्कळदा साईटवरच्या रिव्हर्स येणाऱ्या हायवामुळे. अमेरिकेतल्या कामगार-मृत्यूंच्या नोंदींतही कामावरच्याच वाहनांखाली आलेल्यांचा हिस्सा मोठा आहे. शहरातल्या उड्डाणपुलाच्या कामावर तर पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये सात-आठ मीटरची पट्टी असते. त्यातच क्रेन, त्यातच मिक्सर, त्यातच गिट्टीचा ढीग, आणि त्यातूनच जेवायला जाणारी माणसं.

पहिला उपाय यंत्राचा नाही: रिव्हर्स येण्याची गरजच कमी करा. एका टोकानं आत, दुसऱ्या टोकानं बाहेर, अशी वाट ठेवता आली तर अर्धा धोका आराखड्यातच संपतो. जिथे ते शक्य नाही, तिथे तीन गोष्टी घ्या. एक, मागचा कॅमेरा आणि मागे माणूस दिसला तर केबिनमध्ये आवाज देणारी यंत्रणा. हल्लीचे कॅमेरे माणूस आणि ढीग यांतला फरक बऱ्यापैकी ओळखतात. दोन, 'पीं-पीं' वाजणाऱ्या रिव्हर्स हॉर्नऐवजी खरखरीत, विस्तृत पट्ट्याचा आवाज करणारा हॉर्न. त्याचा फायदा असा की तो कुठल्या दिशेनं येतोय ते कानाला लगेच कळतं आणि थोड्या अंतरावर तो विरून जातो. एकाच पट्टीत चार गाड्या 'पीं-पीं' करत असल्या की मजूर कुठल्याच आवाजाकडे वळून पाहत नाही. शेजारच्या इमारतीतल्या लोकांना रात्री झोप लागते हा वेगळा फायदा. तीन, हायवाच्या समोरचा आणि डाव्या बाजूचा आंधळा पट्टा. रिव्हर्सवर सगळ्यांचं लक्ष असतं, पण उंच केबिनमधून बंपरच्या अगदी पुढे बसलेला किंवा वाकलेला माणूस दिसत नाही. समोर एक जादा आरसा किंवा कॅमेरा फार महाग नाही.

मजुरांच्या मनगटावरच्या बँडबद्दल तुम्ही विचारलं आहे. वाहन जवळ आलं की बँड थरथरतो, ही कल्पना चांगली आहे आणि बंदिस्त जागेत, कायम तीच माणसं असलेल्या कामावर ती उपयोगी पडते. आपल्या साईटवर छत्तीसगड, बालाघाट, गोंदियाकडून आलेली माणसं टोळीनं येतात आणि टोळी बदलते. बँड रोज रात्री चार्ज व्हायला हवा, सकाळी ज्याचा त्याला मिळायला हवा, घामात आणि सिमेंटच्या पाण्यात टिकायला हवा. ज्याच्या हातात बँड नाही तो यंत्राच्या दृष्टीनं तिथे नसतोच. पाणी घेऊन आलेला पोरगा, मोजमापाला आलेले साहेब, वाट चुकलेला पादचारी, कोणीच नसतो. म्हणून मी ओळखण्याचं काम वाहनावर टाकतो, माणसावर नाही. तरीही बँड घ्यायचे ठरले, तर एक गोष्ट लेखी द्या: त्यातली ये-जा आणि बसण्या-उठण्याची नोंद हजेरी कापायला वापरली जाणार नाही. एकदा जरी त्यावरून मजुरी कापली गेली, तर दुसऱ्या दिवशी सगळे बँड गोदामात पडलेले दिसतील. आणि तो राग रास्त असेल.

बॅरिकेडवरचे सेन्सर छोटे दिसतात, पण नागपूरसाठी मी त्यांना फार वरचं स्थान देतो. मे महिन्यात संध्याकाळी वावटळ उठते, अवकाळी पावसाआधीचा वारा पत्रे आणि कोन दोन्ही पाडतो. रात्री साडेअकराला कोणीतरी वळसा टाळायला बॅरिकेड बाजूला सरकवून वाट करतो आणि तशीच उघडी ठेवून जातो. त्यानंतर येणारा दुचाकीस्वार सरळ खोदकामात जातो. बॅरिकेडवरच्या ब्लिंकरच्याच (लुकलुकणाऱ्या दिव्याच्या) डब्यात बसणारा, कलण्याची आणि जागेची नोंद ठेवणारा छोटा सेन्सर आता मिळतो. दिवा आडवा झाला किंवा ठरलेल्या जागेवरून हलला की रात्रपाळीच्या सुपरवायझरच्या फोनवर संदेश जातो. बॅटरी उतरत आली तरी जातो. प्रत्येक कोनावर नको. टेपरची सुरुवात, खड्ड्याची तोंडं आणि गल्ल्या जिथे कामाच्या पट्टीला मिळतात त्या जागा, एवढ्या पुरेत. पण फोन कोणाचा, तो माणूस किती मिनिटांत पोचेल आणि त्याच्या गाडीत दोन जादा बॅरिकेड आहेत का, हे आधी ठरवा. सकाळी साडेनवाला ऑफिसात उघडलेल्या डॅशबोर्डवर रात्रीचा इशारा दिसून उपयोग नाही.

उंच पत्र्यांबद्दलही लिहायलाच हवं, जरी त्यात तंत्रज्ञान काही नाही. चौकाच्या कोपऱ्यापर्यंत पत्रा आणला की वळणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. कोपऱ्यापासूनचे पहिले १५-२० मीटर पत्र्याऐवजी जाळी लावा. कामठी रोडच्या आणि वर्धा रोडच्या दुमजली पुलांची कामं इतकी वर्षं चालली, की पत्र्याआडून अचानक समोर येणारी गाडी हा नागपूरकरांच्या ओळखीचा अनुभव आहे. आता मेट्रोचा दुसरा टप्पा कन्हान, हिंगणा आणि बुटीबोरीच्या दिशांना जातोय, म्हणजे असे कोपरे पुन्हा तयार होणार.

जवळजवळ फुकट असलेली एक स्मार्ट गोष्ट मात्र कोणी विकायला येत नाही: मोबाइलच्या नकाशावर तुमचं डायव्हर्जन अचूक असणं. वाहतूक पोलिसांची अधिसूचना निघते, वर्तमानपत्रात छापून येते. पण जेवण पोचवणारा मुलगा, ओला-उबरचा चालक आणि बाहेरगावचा ट्रकवाला वर्तमानपत्र पाहून गाडी चालवत नाहीत. नकाशा त्यांना सरळ बंद रस्त्यावर आणतो, तिथे ते उलट फिरतात आणि उलट दिशेनं येऊ लागतात. अमेरिकेत परिवहन विभागानं कामाच्या जागांची माहिती एकाच ठरलेल्या साच्यात नकाशा कंपन्यांना देण्याची पद्धत बसवली आहे: बंद पट्ट्याची सुरुवात, शेवट, कोणती लेन, कधीपासून कधीपर्यंत. तुमच्या एका कामापुरता तोच साचा एक्सेलमध्ये ठेवा. अक्षांश-रेखांश टाका, नकाशा ॲपवर बंदची नोंद करा, पोलिसांना आणि महापालिकेला तीच फाईल द्या. आणि लेन उघडली की त्याच दिवशी नोंद काढा. जुनी बंदची नोंद दोनदा खोटी निघाली, की लोक तिसऱ्या वेळी खरी असतानाही आत येतात.

तुमच्या कामाच्या जोडरस्त्यावर दुपदरी भाग असेल आणि एकच लेन आळीपाळीनं सोडायची असेल, तर झेंडीवाल्याच्या जागी हलवता येणारे सिग्नल घ्या. माझ्या मते मजुराचा जीव वाचवणारी ही सर्वांत सरळ खरेदी आहे, कारण ती माणसाला गाडीच्या तोंडापुढून उचलून कडेला नेते. दोन टोकांचे सिग्नल रेडिओनं जोडलेले असतात. वेळ ठरवताना मात्र कारचा वेग धरू नका. ३०० मीटरच्या पट्टीतून ताशी २० नं जाणाऱ्या, कापूस किंवा संत्री भरलेल्या ट्रॅक्टरला ५४ सेकंद लागतात. तेवढा वेळ दोन्हीकडे लाल दिवा हवा, किंवा पट्टी रिकामी झाल्याचं सेन्सरनं कळवायला हवं. नुसता लाल दिवा पाहून सगळे थांबतील असं धरून चालू नका. सोबत आडवा दांडा खाली येणारा प्रकार घ्या. झेंडीवाला कडेला उभा राहून रिमोटनं तो चालवू शकतो.

महामार्गावरची एक जोखीम तुमच्या प्रश्नात नाही, पण तुमच्या कामाला लागून आहे: डिव्हायडरच्या झाडांना पाणी घालणारा टँकर. उजवीकडच्या वेगवान लेनमध्ये, बहुतेकदा मागे एक लाल फडकं लावून, चालण्याच्या वेगानं जाणारा. रस्ता जितका चांगला आणि वेग जितका जास्त, तितका तो धोकादायक. समृद्धी महामार्गासारख्या, कारला १२० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मागची कार सेकंदाला ३३ मीटर येते. अशा फिरत्या कामामागे बाण दाखवणारा मोठा दिव्यांचा फलक लावलेली दुसरी गाडी अंतर ठेवून चालली पाहिजे, आणि जमल्यास तिच्या मागे धडक शोषणारी गादी. ती गादी महाग आहे. एका कामाला परवडत नसेल तर विभागानं चार कामांमध्ये एक घ्यावी, असा प्रस्ताव द्या.

आता कॅमेरे, एआय आणि ड्रोन. हेल्मेट घातलं की नाही हे सांगणारा कॅमेरा मी यादीत खाली ठेवतो. ते सुपरवायझरला डोळ्यांनी दिसतं. कॅमेऱ्याचा खरा उपयोग अपघात होता होता वाचले ते मोजण्यात आहे: टेपरपाशी अचानक ब्रेक किती लागतात, कोणत्या कोपऱ्यावर दुचाकी उलट्या येतात, पादचारी कुठून आत शिरतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास बसून हे पाहणारा आणि दुसऱ्या दिवशी बॅरिकेड हलवण्याचा अधिकार असलेला माणूस असेल तरच तो कॅमेरा घ्या. नागपूरला या बाबतीत एक जमेची बाजू आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये इथे 'आय-रास्ते' प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका यांनी मिळून शहर बसना चालकाला टक्करीचा इशारा देणारी यंत्रणा बसवली. त्या इशाऱ्यांच्या नोंदींवरून अपघात घडण्याआधीच धोक्याच्या जागा हेरायच्या, असा त्यामागचा विचार होता. तुमच्या पट्टीतून ही यंत्रणा असलेली शहर बस जात असेल, तर महापालिकेकडे पत्र द्या आणि काम सुरू होण्याआधीचे व नंतरचे इशारे मागा. स्वतःचा कॅमेरा घेण्याआधी हे करून पाहण्यासारखं आहे. ड्रोन प्रगती-अहवालाला छान, सुरक्षेसाठी आत्ता नको.

टिकाऊपणाचं थोडक्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातल्या बंद डब्यात त्याहून बरंच जास्त तापतं. ६० अंशांपर्यंत चालण्याची हमी लेखी घ्या आणि बॅटरीचा डबा सावलीच्या बाजूला लावा. पावसाळ्यात सलग चार दिवस ऊन नसलं तर सौर फलक किती तास चालेल ते विचारा. बॅटऱ्या चोरीला जातात. पिंजरा वेल्डिंग केलेला हवा. जिथे जीव सेकंदांवर अवलंबून आहे तो इशारा मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरपर्यंत जाऊन परत येणारा नको. सेन्सर आणि भोंगा थेट रेडिओनं बोलले पाहिजेत. नोंदी नंतर नेटवर गेल्या तरी चालेल.

शेवटची बाब बिलाची, आणि ती हलक्यात घेऊ नका. 'स्मार्ट यंत्रणा पुरवणे व बसवणे, एकरकमी' अशी ओळ असेल, तर उद्घाटनाच्या दिवशी सगळं चालू असतं आणि तिसऱ्या महिन्यात फलक काळे पडलेले असतात, कारण पैसे मिळून गेलेले असतात. अजून बदल करणं शक्य असेल तर ही बाब दिवसाच्या दरानं घ्या: यंत्रणा ज्या दिवशी ठरलेले तास चालली त्या दिवसाचे पैसे, बंद होती त्या दिवसाचे नाही. चालू असल्याची नोंद यंत्रणा स्वतःच ठेवते, त्यामुळे वाद होत नाही. देखभालीचा माणूस आणि सुटे भाग त्याच दरात धरा. ठेकेदाराला हे पटवताना कायदाही सांगा: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या रचना, बांधकाम आणि देखभालीचे सुरक्षा निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरण किंवा ठेकेदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम मोठ्या कामापुढे किरकोळ वाटेल. पण न्यायालयात उभं राहायची वेळ आली की त्या दिवशीचा टेपर किती मीटरचा होता, फलक चालू होता का, हे विचारलं जाईल, आणि त्याचं उत्तर तुमच्या रोजच्या नोंदवहीत असलं पाहिजे.

तुमच्या महामार्गाच्या तुकड्याचा वाहतूक आराखडा आणि पाळी सुटतानाच्या रांगेची दोन-तीन दिवसांची मोजणी तयार असेल, तर सेन्सर नेमके किती आणि कुठे लागतील हे त्यावरून काढता येईल. ती मोजणी लेनबंदी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात करून घ्या आणि खरेदीची ऑर्डर त्यानंतर काढा.